काचेच्या पेटीतील समुद्र : खाऱ्या पाण्यातील पाळीव माशांच्या गमती व त्यांचा अर्थ

वडोदरा शहरातील दांडिया बाजार भागात अनेक पिढ्यांपासून स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांपैकी एका कुटुंबाकडे दोन वर्षांपूर्वी वैशाखात जाण्याचा योग आला. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची, सुमारे चार फूट लांबीची काचेची पेटी होती. तीत एक लहानसा निळा मासा पुनःपुन्हा दगडाकडे झेप घेई, अंग तिरपे करून दगडाला घासे आणि गिरकी घेऊन परत फिरे. घरातील मुले टाळ्या पिटून म्हणत, ‘‘आजोबा, बघा, कसा नाचतोय!’’ आजोबा सेवानिवृत्त शिक्षक. तेही कौतुकाने पाहत होते. प्रस्तुत लेखकासही हसू आवरले नाही.

आठ दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला, तो दुःखाचा होता. त्या माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले होते आणि पाठोपाठ आणखी दोन माशांसह तो दगावला होता. आम्ही ज्याला नाच समजलो, ती वस्तुतः असह्य खाज होती. त्वचेत व कल्ल्यांत शिरणाऱ्या सूक्ष्म परजीवीची ती पहिली सूचना होती. आम्ही सारे ती पाहत होतो. मात्र कोणासही तिचा अर्थ कळला नाही.

खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या वागणुकीत विनोद पुष्कळ आहे, आणि तो पाहून हसणे हा काही अपराध नव्हे. परंतु वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन गमतींपैकी एक त्या माशाचा जन्मजात स्वभाव असते, तर दुसरी मदतीची हाक असू शकते. या दोहोंतील फरक कसा ओळखावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

वडोदरा आणि समुद्र

वडोदऱ्यास सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे खंभातचे आखात. तेथे भरती-ओहोटीचे अंतर फार मोठे असून पाणी गाळाने गढूळ असते. त्यामुळे प्रवाळ व त्याच्या आश्रयाने राहणारे रंगीबेरंगी मासे पाहण्यासाठी कच्छच्या आखाताकडे जावे लागते. त्या आखाताच्या मुखाशी असलेला ओखामंडळ हा प्रदेश पूर्वी बडोदे संस्थानाचा भाग होता, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या लक्षात नसते. श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९०५ साली, जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाने ओखामंडळच्या किनाऱ्याची पाहणी केली. त्याचा अहवाल बडोदे सरकारला सादर होऊन १९०९ व १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. ज्या संस्थानाची राजधानी समुद्रापासून दूर होती, त्याने समुद्रातील जीवांची शास्त्रशुद्ध नोंद करवून घेतली, ही निश्चितच अभिमानास्पद बाब होय. पुढे १९८२ साली कच्छच्या आखातात देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

स्वभावाने घडणाऱ्या गमती

प्रथम आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. कोकणातील खाडीकाठच्या लोकांना निवटी ठाऊक आहे. खंभातच्या आखाताकाठी या माशांना लेवटा म्हणतात. ओहोटीच्या चिखलात हा मासा परांच्या आधाराने चालतो, उड्या मारतो, मधूनच कुशीवर लोळतो आणि डोळे खोबणीत ओढून घेतो. पाहणाऱ्यास ही सारी थट्टा वाटते. पण लोळण्याने त्याची त्वचा ओली राहते, व डोळे आत घेतल्याने ते भिजतात. पाण्याबाहेर श्वसन चालू ठेवण्यासाठी त्वचा ओली असणे त्याला आवश्यक असते. त्याच्या प्रत्येक कोलांटीस अशा रीतीने काहीतरी कारण आहे.

हीच दृष्टी काचेच्या पेटीकडे वळवावी. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा समुद्रफुलाच्या विषारी दोऱ्यांमध्ये खुशाल लोळतो. त्याच्या अंगावरील विशिष्ट बुळबुळीत आवरणामुळे त्याला डंख होत नाही. पेटीत समुद्रफूल नसल्यास तो मातीचे मडके, पाण्याचा पंप किंवा एखादा कोपरा आपले घर मानतो आणि पेटी साफ करणाऱ्या मालकाच्या हातावर निर्भयपणे धावून जातो. बोटभर लांबीच्या माशाने मनुष्याच्या हातास चावे घ्यावेत, हे दृश्य खरोखर हसू आणणारे आहे. जोडीतील लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवतो, त्यास आजार समजू नये; ‘तू मोठा, मी लहान’ अशी ती कबुली असते. या माशांत सर्वांत मोठी ती मादी असते. ती मेल्यास तिचा जोडीदार नर कालांतराने स्वतःच मादी बनतो आणि त्याच्या खालचा मासा नराची जागा घेतो.

गोबी नावाचा लहान मासा आणि एका जातीची कोळंबी यांचा संसार तर एखाद्या प्रहसनात शोभावा असा असतो. कोळंबीची दृष्टी अधू असते. ती दिवसभर वाळूत बीळ खणते, ढासळलेली वाळू उचलून बाहेर टाकते, आणि काम करताना आपली एक मिशी माशाच्या अंगास टेकवून ठेवते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. धोका दिसताच तो शेपटी हलवतो व दोघेही आत पळतात. घर बांधणारी एक आणि राखणदार दुसरा, असा हा सहकार आहे.

ट्रिगर मासा तोंडातून पाण्याची चूळ मारून वाळू उडवतो व पेटीतील दगड आपल्या मर्जीप्रमाणे हलवतो. समुद्रात अशाच पाण्याच्या झोताने तो काटेरी सागरी प्राण्यांना उलटे करून त्यांचा मऊ भाग खातो. रात्री तो फटीत शिरून पाठीवरील काटा उभा करतो आणि तेथेच अडकून आडवा झोपतो. नवख्या मालकास तो मेला असेच वाटते! रास या कुळातील काही मासे तर संध्याकाळी वाळूत स्वतःला पुरून घेतात. घरातील मंडळी ‘मासा कोठे गेला’ म्हणून पेटीमागे व जमिनीवर शोध घेतात, आणि सकाळी तो वाळू झटकून हजर होतो.

समुद्रघोड्यांत पिलांचा भार नर वाहतो. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत सोडते आणि ‘प्रसूती’ नराची होते. त्यांची जोडी सकाळी शेपटीत शेपटी गुंफून एकमेकांभोवती फिरते. हे भेटणे नित्याचे असते व त्यामुळे जोडी टिकून राहते, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

शिकलेल्या गमती

काही गमती मासा आपल्या सहवासात शिकतो. दारातून येणारी व्यक्ती अन्न देणारी आहे हे थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात येते आणि तो काचेपाशी येऊन नाचू लागतो. फुगा मासा, म्हणजे आपल्या कोकणातील केंड, या बाबतीत विशेष हुशार समजला जातो. पण अशा वेळी मालकाचे मन द्रवते आणि तो गरजेपेक्षा जास्त अन्न टाकतो. न खाल्लेले अन्न कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो व माशाच्या जिवावर बेतते. मागणे माशाचे काम असले, तरी माप ठरविणे आपले काम होय.

माशाच्या बुद्धीविषयी एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. समुद्रात इतर माशांच्या अंगावरील परजीवी खाऊन पोट भरणारा एक लहान ‘सफाई मासा’ असतो. जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या माशांच्या गळ्याखाली तपकिरी खूण केली व त्यांच्यासमोर आरसा ठेवला. खूण दिसताच त्यांतील बहुतेकांनी आपला गळा वाळूवर वा दगडावर घासला. पारदर्शक खूण केली, किंवा आरसा काढून घेतला, तेव्हा तसे घडले नाही. माशास स्वतःची ओळख पटते काय, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. अंग घासणे ही क्रिया एकच, पण वडोदऱ्याच्या पेटीत तिचा अर्थ आजार होता आणि ओसाकाच्या पेटीत शोध. म्हणून केवळ क्रिया पाहून भागत नाही. ती केव्हा, किती वेळा आणि कोणत्या परिस्थितीत घडते, हेही पाहावे लागते.

संकटाच्या गमती

पुढील चिन्हे दिसल्यास हसणे थांबवून तपास करावा.

(१) दिवसातून वारंवार दगडाला अंग घासणे : परजीवीची शंका घ्यावी व अंगावर पांढरे ठिपके आहेत काय ते पाहावे.

(२) सर्व मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करणे : हे गाणे नव्हे, श्वास कोंडल्याचे लक्षण आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच सुमारे एक-पंचमांशाने कमी असतो. वडोदऱ्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर या माशांना साधारणतः २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. अशा दिवसांत वीज गेल्यास अवघ्या काही तासांत अनर्थ होऊ शकतो.

(३) काचेलगत तासन्‌तास खाली-वर पोहणे, रंग फिका पडणे, पर अंगाशी मिटून घेणे : जागा अपुरी असणे, पाणी बिघडणे किंवा दुसऱ्या माशाचा जाच असणे संभवते.

(४) केंडाचे फुगणे : हे त्याच्या भीतीचे अखेरचे शस्त्र होय. तो पाणी गिळून अंग चेंडूसारखे करतो व शत्रूच्या घशात न मावण्याइतका मोठा होतो. त्याला पाण्याबाहेर उचलले तर तो हवा गिळतो, व ती बाहेर टाकणे त्याला कठीण जाते. कच्छच्या आखातात नराऱ्यासारख्या ठिकाणी ओहोटीच्या वेळी पर्यटकांना असे मासे पाहावयास मिळतात. छायाचित्रासाठी त्याला हातात धरून फुगविण्याचा मोह कोणीही धरू नये. आपली ती करमणूक असते आणि त्याचा तो मृत्यूशी सामना असतो.

पाळणाऱ्याची जबाबदारी

खाऱ्या पाण्यातील मासा समुद्राचे पाणी सतत पितो व जास्तीचे मीठ मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे क्षारतेतील अचानक बदल त्याला सोसत नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पेटीतील पाणी आटते तेव्हा केवळ पाणी उडून जाते, मीठ मागेच राहते. म्हणून आटलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने करावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. नवीन मासा आणल्यास त्याला काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावे. दांडिया बाजारातील त्या घरी नेमके एवढेच राहून गेले होते.

कायद्याचेही भान असावे. समुद्रघोडे व प्रवाळ यांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. ते समुद्रातून काढणे वा विकत घेऊन घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्यांच्या गमती पुस्तकांत, चित्रफितींत किंवा अधिकृत मत्स्यालयातच पाहाव्यात. वर वर्णिलेला सफाई मासाही घरी आणू नये. घरच्या पेटीत त्याचे नैसर्गिक अन्न पुरेसे मिळत नाही आणि तो बहुधा उपाशी मरतो. विदूषक माशांची पैदास मात्र आता कृत्रिम रीतीने होऊ लागली आहे. नवी मुंबईतील ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांचे बीजोत्पादन करण्यात आले. हौस असेलच तर अशा पैदास केंद्रातील मासे घ्यावेत, म्हणजे समुद्र रिता होणार नाही.

शिक्षकांसाठी एक पाठ

ज्या शाळेत गोड्या पाण्याची साधी पेटी असेल, तेथेही हा पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांनी एका माशाची निवड करावी व पंधरा दिवस रोज ठराविक वेळी दहा मिनिटे त्याच्याकडे पाहावे. वहीत तीन रकाने आखावेत : मासा काय करतो, ते केव्हा व किती वेळा करतो, आणि त्याचे कारण काय असावे. पहिल्या दोन रकान्यांत केवळ पाहिलेले लिहावे. तर्क तिसऱ्यातच यावा. पाहणे आणि तर्क करणे यांतील भेद विद्यार्थ्यांना एकदा उमगला की तो गोठ्यातील गुरांविषयी, शेतातील पिकांविषयी आणि घरातील बोलता न येणाऱ्या तान्ह्या मुलाविषयीही उपयोगी पडतो.

मुंबईत १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले, तेव्हापासून असंख्य मराठी मुलांनी काचेपलीकडील समुद्र प्रथम तेथे पाहिला. अहमदाबादच्या सायन्स सिटीतही २०२१ साली भव्य जलचर दालन सुरू झाले. तेथे जाणाऱ्या प्रत्येक बालकाने माशाला पाहून जरूर हसावे. मात्र क्षणभर थांबून ‘हा असे का करतो?’ हा प्रश्नही विचारावा.

दांडिया बाजारातील ती पेटी आजही आहे. तिच्याशेजारी एक वही टांगलेली असून नातवंडे पाळीपाळीने तीत नोंदी करतात. गेल्या पावसाळ्यात धाकट्या नातीने लिहिले होते : ‘‘आज मासा तीनदा दगडाला घासला. काल एकदाही नाही.’’ आजोबांनी त्याच संध्याकाळी त्याला वेगळ्या पेटीत हलवून औषधोपचार सुरू केले. तो मासा वाचला.