टीप : बक्षिसी की पगार?



शतमान शिकवताना मी दरवर्षी एक उदाहरण घालतो. 'हॉटेलचे बिल ४८० रुपये झाले. १० टक्के टीप दिली, तर एकूण खर्च किती?' उत्तर ५२८. मुलं पटकन सोडवतात, मी बरोबरची खूण करतो आणि तास पुढे जातो. यंदा एका मुलाने वही पुढे केली. उत्तर बरोबर होतं, पण खाली बारीक अक्षरात एक ओळ होती : 'सर, दहा टक्के कुणी देत नाही.'

त्याचे वडील स्वारगेटजवळच्या एका हॉटेलात वेटर आहेत. मधल्या सुट्टीत त्याने नीट समजावून सांगितलं. पूर्वी बिलाच्या बशीत बडीशेपेशेजारी सुटे पैसे राहायचे. आता गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात. ४८० म्हणजे बरोबर ४८०. सुटे उरतच नाहीत, मग बशीत ठेवणार काय?

'मग बाबांना पगार किती?' हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. विचारला नाही. पण त्या एका ओळीवर पुढचे दोन तास घेतले. तुम्हालाही वर्गात किंवा घरी घेता येतील, म्हणून लिहितो.

सुरुवात स्वारगेट चौकापासूनच केली. एसटीच्या वाहकाला आपण टीप देतो का? मुलं हसली. उलट सुट्ट्यांवरून भांडतो! रिक्षावाल्याला मीटरप्रमाणे देतो. मग वेटरलाच वेगळा नियम का? एक मुलगी म्हणाली, "कंडक्टरचा पगार ठरलेला असतो ना." म्हणजे वेटरचा नसतो, असं आपण मनात धरूनच चालतो. खरं तर हॉटेलांनाही किमान वेतन लागू आहे. १९४८ चा किमान वेतन कायदा त्यासाठीच होता, आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे. मूळ दर आणि महागाईप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता, दोन्ही मिळून ती रक्कम होते. गिऱ्हाईक खूश झालं की नाही, याचा तिच्याशी काही संबंध नाही.

इथे मी मुलांना मार्केट यार्डात नेलं, म्हणजे फळ्यावर. स्वारगेटहून गुलटेकडीकडे गेलं की यार्ड लागतं, बहुतेक मुलांनी पाहिलेलं आहे. पाठीवर पोती वाहणारा हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या. त्याचा मालक कोण, हेच सांगता यायचं नाही. मालक नाही म्हणजे रजा नाही, फंड नाही. १९५५ मध्ये बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील माथाडींना संघटित करत होते. १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा झाला. त्याची रचना मुलांना फार आवडली : व्यापाऱ्याने हमाली मंडळाकडे भरायची, वर ठराविक टक्के लेव्ही भरायची. मंडळ हमालाला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार यांची सोय होते. शतमानाचं याहून चांगलं उदाहरण पाठ्यपुस्तकात शोधून सापडायचं नाही.

ज्यांना धड मालकच नव्हता, त्यांना हे मिळालं. वेटरच्या मालकाचं नाव तर पाटीवरच असतं.

मग अमेरिका. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, पण टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. उरलेले ५.१२ डॉलर टिपेतून यायचे, कमी पडले तर मालकाने भरायचे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र पूर्ण वेतन मालकच देतो. मुलांना ५.१२ चं शतमान काढायला लावलं. जवळपास ७१ टक्के आलं आणि वर्ग गप्प झाला. म्हणजे कायद्याने ठरलेल्या पगाराचा एवढा भाग गिऱ्हाईकच देतं.

आपल्याकडे काही हॉटेलं बिलातच सेवा शुल्क लावायची. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते परस्पर लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. गिऱ्हाईकाची बाजू बरोबरच आहे. पण ते शुल्क वेटरच्या हातात किती पडत होतं, हा प्रश्न तसाच राहतो.

नंतर एका आईचा फोन आला. मुलाने म्हणे हॉटेलात वेटरला थेट पगारच विचारला! तसं विचारू नये, हे वर्गात सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. 'ऑनलाइन दिलेली टीप तुम्हालाच मिळते का?' एवढं मात्र विचारायला हरकत नाही. मी हल्ली विचारतो. उत्तर ऐकून बहुधा रोखच देतो.

उदाहरणही बदललं आहे. ४८० रुपयांच्या बिलात हॉटेलने १५ टक्के कामगारांच्या पगारासाठी ठेवले, तर किती रुपये झाले? आणि तेवढेच रुपये गिऱ्हाईकाच्या मर्जीवर सोडले, तर महिन्याचा हिशेब कसा मांडाल? पहिल्याचं उत्तर ७२. दुसरं अजून कुणी सोडवलेलं नाही, त्या मुलाने वहीत जागा मात्र सोडून ठेवली आहे.