बंदीत वजनाचं ऑपरेशन करायचंय? आधी गॅस्ट्रिक बायपास समजून घेऊया



बंदी जवळ आली की जेटीवर ठरलेले विषय निघतात. इंजिनाचं काम, जाळ्यांची डागडुजी, होडीचा रंग. आता त्यात एक नवा विषय आलाय. "जूनमध्ये वजनाचं ऑपरेशन करून घेतो, शुगरपण जाईल, ऑगस्टला परत दर्यावर." म्हणून आज हे ऑपरेशन नेमकं काय आहे ते बघूया.

ऑपरेशनात काय करतात?
बायपास म्हणजे गावाबाहेरून काढलेला रस्ता. इथे तो अन्नासाठी काढतात. जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करतात. तिच्यात साधारण 30 मिली, म्हणजे दोन मोठे चमचे मावतं. लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला जोडतात. उरलेलं जठर काढून टाकत नाहीत, ते आतच राहतं. त्याचे पाचक रस खाली जाऊन अन्नाला मिळतात. हे ऑपरेशन 1960 च्या दशकात अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी सुरू केलं. आता ते बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं.

त्यामुळे थोडक्यात पोट भरतं. शिवाय भूक आणि साखर सांभाळणारे हार्मोन बदलतात. म्हणून अनेकांची शुगर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. पण ती कायमची गेली असं समजू नका. काहींची परत वाढते.

कोणासाठी?
जरा पोट सुटलंय म्हणून हे ऑपरेशन करत नाहीत. आधी बीएमआय काढतात: किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उंची 165 सेंटीमीटर आणि वजन 102 किलो असेल तर बीएमआय साधारण 37.5 येतो. 35 च्या वर बीएमआय असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. आपल्या लोकांना कमी वजनातही शुगर धरते, म्हणून शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असे त्रास असतील तर त्याहून कमी आकड्यालाही डॉक्टर विचार करतात.

विम्याचा आकडा मात्र वेगळा असतो. बऱ्याच पॉलिसींत 40, किंवा गंभीर आजार असेल तर 35 ही अट असते, आणि थांबण्याचा काळही असतो. पॉलिसी आधी वाचून घ्या.

61 दिवस पुरतात का?
1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस. हॉस्पिटलात दोन-तीन दिवस, आणि जड उचलायला साधारण चार ते सहा आठवडे मनाई. हिशोब बसतो असं वाटतं, पण खाणं बसायला वेळ लागतो. आधी पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, नंतर साधं जेवण. पाणी घोट घोट प्यायचं, जेवताना नाही. ऑगस्टच्या उन्हात डेकवर पाणी कमी पडलं तर चक्कर येते आणि किडनीवर ताण येतो. म्हणून दर्यावर कधी जायचं हे कॅलेंडरने नाही, सर्जनने ठरवायचं. तांडेलाच्या जागी दुसऱ्या माणसाची सोय आधीच करून ठेवा. तपासण्यांनाही काही आठवडे जातात, तेव्हा मार्च-एप्रिललाच डॉक्टरांना भेटा.

जन्मभर पाळायच्या गोष्टी
1. व्हिटॅमिन बी12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी यांच्या गोळ्या रोज, आणि रक्ततपासणी ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.
2. कंबर दुखली की बोटीवर जी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतात, ती बंद. नव्या जोडाजवळ अल्सर होतो, रक्तस्राव होऊ शकतो. बोटीवरच्या औषधाच्या डब्यावर हे लिहून ठेवा. विडी-सिगारेटनेही तेच होतं.
3. दारू लवकर आणि जास्त चढते. तोल गेला तर बोटीवर काय होतं ते आपल्याला सांगायला नको.
4. गोड चहा, सरबत, मिठाई खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब होऊ शकतात. जेवणात आधी प्रोटीन. मऊ शिजवलेली मासळी त्याला उत्तम, आणि ती आपल्या घरातच आहे.
5. आपल्या बायाबहिणींपैकी कोणी हे ऑपरेशन केलं तर पुढचे 12 ते 18 महिने गरोदरपण टाळावं.

हे दिसलं तर थांबू नका
सुरुवातीच्या दिवसांत ताप, छातीत जोरात धडधड, धाप, पाय सुजणं, पोटात वाढती कळ. पुढे कित्येक वर्षांनीसुद्धा अचानक कळ आणि उलट्या आल्या तर आतडं आत अडकलेलं असू शकतं. त्याला "गॅस झालाय" म्हणून सोडा पाजत बसू नका. जाळं ओढायचं बाकी असलं तरी बोट किनाऱ्याकडे वळवा, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा: "याचं बायपास झालंय."

ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी हे ऑपरेशन आयुष्य वाढवणारं आहे. पण ते एका बंदीत उरकायचं काम नाही. आपल्या बोटीवर कोणी केलं असेल किंवा करणार असेल, तर ही माहिती तांडेल आणि खलाशी सगळ्यांना वाचून दाखवा. दर्यात डॉक्टर नसतो, शेजारचा माणूसच असतो.