जुन्या सायकलला नवा रंग

वडिलांची ॲटलस सायकल वीस वर्षे निगडीहून भोसरीच्या एमआयडीसीत पाळीला गेली. आता ती माझ्या वाट्याला आली आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला. तेव्हा आहे तीच जपायची.

पहिल्या खेपेस मी गंजावरच इनॅमल मारले. पावसाळ्यात फोड आले. गंज सच्छिद्र असतो. त्यात ओलावा राहतो आणि रंगाखाली लोखंड खातच जातो. (कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे रसायनशास्त्र फोडांनीच शिकवले!) वडील पेंट शॉपमध्येच होते. म्हणाले, "आधी लोखंड दिसू दे रे."

यंदा चाके, चिमटा काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने फ्रेम घासली. दोन दिवस त्यातच गेले. टर्पेंटाइनने तेलकटपणा पुसला. मग बोटही लावले नाही. आट्यांवर कागद चिकटवून रेड ऑक्साइडचा एक हात दिला, वाळल्यावर काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात. जाड हात ओघळतो, शिवाय वरून वाळून आत ओला राहतो.

वरच्या दांड्यावर डब्याच्या पिशवीने घासून रंग पार गेला होता. तेथे वडिलांनी अंगठा फिरवून पाहिला. "आठवडाभर पिशवी अडकवू नकोस," एवढेच म्हणाले.