लिंक किती दिवस राहील?

मलकापूर, ता. कराड

चि. सोनू,


तू पाठवलेली यादी वाचली. फोटो ठेवायच्या आणि पाठवायच्या चार सेवा, प्रत्येकीपुढं तारे, फुकट जागा, महिन्याचा दर आणि शेवटी तुझा प्रश्न, "काका, यातली सगळ्यात चांगली कुठली?" यादी नेटकी केली आहेस. पण तिच्यात एक रकाना नाही, आणि माझ्या मते तोच पहिला हवा होता. उद्या ही सेवा मी सोडली, किंवा तिनंच मला सोडलं, तर माझ्या गिऱ्हाइकाच्या फोटोंचं काय होणार?

मी रोलच्या जमान्यातला माणूस, म्हणून मला हे आधी सुचतं. निगेटिव्हच्या पाकिटावर बिल नंबर घालून ती वर्षानुवर्षं सांभाळायची, हा स्टुडिओचा धर्म होता. लग्नाचा अल्बम दिला की काम संपलं, असं कधी झालं नाही. आठ-दहा वर्षांनी कुणीतरी यायचंच. पंगतीत मागच्या रांगेत बसलेला एखादा माणूस गेलेला असायचा आणि त्याचा दुसरा बरा फोटो घरात नसायचा. मग तेवढा चेहरा घेऊन मोठा करायचा, भिंतीवर लावण्याजोगा. त्या कामात पैसे फार नसत, पण पुढच्या पिढीची लग्नं त्यावरच मिळत. तुझं गिऱ्हाईकही असंच परत येणार आहे. फक्त तुझ्याकडं पाकिटं नसतील, लिंक असेल.

आता परीक्षणांकडे वळू. परीक्षण लिहिणारा सेवा घेतो, चार दिवस वापरतो आणि लिहून मोकळा होतो. त्यानं पाहिलेलं असतं ते रूप नव्या नवरीचं. खातं पटकन उघडलं, फोटो झरझर चढले, रंग छान दिसले. यात खोटं काही नसतं. पण आपल्याला हवं ते दहाव्या वर्षाचं परीक्षण, आणि ते लिहायला तो माणूस तिथं थांबलेला नसतो. शिवाय अ‍ॅप तारे कधी मागतं ते बघ. काम सुरळीत झाल्या झाल्या खिडकी उघडते, 'आवडलं का?' फोटो अडकलेला असताना ती खिडकी सहसा उघडत नाही.

फ्लिकरचं उदाहरण नीट समजून घे, कारण तुझ्या यादीत ते दुसऱ्या नंबरावर आहे. ते २००४ साली कॅनडात सुरू झालं, पुढच्याच वर्षी याहूनं विकत घेतलं. २०१३ मध्ये त्यांनी प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट दिली. त्या वर्षीची परीक्षणं काढून वाच, सगळे हरखून गेले होते. त्या दिवशी ते खरंच होतं. मग २०१८ च्या एप्रिलमध्ये स्मगमग या कंपनीनं फ्लिकर घेतलं आणि नोव्हेंबरात जाहीर केलं की फुकट खात्यात फक्त १,००० फोटो राहतील. २०१९ च्या मार्चपासून वरचे फोटो पुसायला सुरुवात झाली. ज्यांनी पाच-सहा वर्षं त्या टेराबाइटच्या भरवशावर अल्बम चढवले होते, त्यांना एकतर पैसे भरावे लागले, नाहीतर सगळं उतरवून घ्यावं लागलं.

तरी मी फ्लिकरला वाईट म्हणणार नाही. त्यांनी काही महिने आधी सांगितलं, मुदत वाढवून दिली, फोटो परत घ्यायची सोय चालू ठेवली, आणि लोकांनी सर्वांच्या वापरासाठी आधीच मोकळे केलेले फोटो तसेच राहू दिले. याउलट फोटोबकेटनं २०१७ च्या जूनमध्ये काय केलं बघ. तिथले फोटो दुसऱ्या संकेतस्थळांवर दिसायला हवे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर भरा, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं २५,००० रुपयांहून जास्त. जगभरच्या पानांवर फोटोंच्या जागी पैसे मागणारं चित्र दिसू लागलं. दोन्ही कंपन्यांनी नियम बदलले, पण वागण्यातला फरक बघ. परीक्षणात मी हेच शोधतो. तुझ्या आईला विचार, तिचे कॉलेजातले फोटो ऑर्कुटवर होते. २०१४ च्या सप्टेंबरअखेर ते बंद झालं, पुढं दोन वर्षं फोटो उतरवून घ्यायला दिली होती, पण किती जणांनी घेतले? पिकासाही २०१६ मध्ये बंद झालं.

म्हणून परीक्षण उघडलंस की आधी तारीख बघ. गूगल फोटोजबद्दल २०१५ ते २०२० मध्ये जे कौतुक लिहिलं गेलं, त्यातलं निम्मं 'फुकट आणि अमर्याद' या दोन शब्दांवर उभं होतं. १ जून २०२१ पासून ते दोन्ही शब्द गेले. आता १५ जीबी मिळतात, तेही मेल आणि ड्राइव्ह धरून. जुनी परीक्षणं मात्र शोधलं की अजून वर येतात, काहींना नुसती नवी तारीख डकवलेली असते.

मग बघ, लिहिणाऱ्याला पैसे कुठून मिळतात. 'दहा उत्तम सेवा' असल्या लेखांत खाली 'इथून घ्या' अशी लिंक असेल, तर तू घेतलेल्या प्रत्येक खात्यामागे त्याला दलाली असू शकते. दलाली घेणं पाप नाही, पण ती लपवणं वाईट. जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या 'ॲस्की'नं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी नियम काढले, पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगावी म्हणून. भारतीय मानक ब्यूरोनंही २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. पण ते ऐच्छिक आहे, म्हणजे सोन्याच्या हॉलमार्कसारखा भरवसा त्यावर टाकता येत नाही. तेव्हा आपली पारख आपणच करायची. एकाच आठवड्यात आलेली, एकाच साच्याची, 'मस्त ॲप, सगळ्यांनी घ्या' छापाची पाच तारेवाली परीक्षणं सरळ सोडून दे. एक तारावाल्यांतले निम्मे पासवर्ड विसरलेले असतात. मी दोन-तीन तारेवाले वाचतो. ते लोक रागानं पेटलेले नसतात, भारावलेलेही नसतात, आणि नेमकं काय अडलं ते सांगतात. एकच तक्रार वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसली, तर ती खरी मान. त्यातही 'खातं बंद करताना', 'फोटो परत घेताना', 'पैसे थकले तेव्हा' असले शब्द शोध.

आणि परीक्षक कुठं बसून लिहितोय तेही बघ. अमेरिकी परीक्षणांत ॲमेझॉनच्या प्राइमवाल्यांना फोटोसाठी अमर्याद जागा मिळते म्हणून वाहवा असते. आपल्या प्राइममध्ये ती सोय नाही, मग ते वाचून काय करायचं? त्या परीक्षकाच्या गरजाही वेगळ्या. तो डोंगर-पाखरांचे फोटो काढणारा हौशी माणूस असतो. तू हळद, साखरपुडा आणि लग्नं करतेस. त्या लग्नांतलं पाव्हणं-रावळं कुठं कुठं असतं ते जरा डोळ्यांसमोर आण. खानापूर-विट्याकडच्या गलाई कुटुंबातलं लग्न असेल तर निम्मे नातेवाईक सोनं गाळायच्या धंद्यात केरळ-तमिळनाडूपर्यंत पांगलेले असतात. माथाडीतली माणसं मुंबईत. एखादा भाऊ दुबईला. लिंक या सगळ्यांना एका बोटानं उघडायला हवी. आधी खातं उघडा, मग मेल तपासा, मग सांकेतिक आकडा टाका, असं म्हणणारी सेवा कितीही पुरस्कार मिळवलेली असो, नवरीच्या आत्यापुढं ती नापास. हे कुठल्याच परीक्षणात लिहिलेलं नसतं. ती लिंक आपल्या आजीच्या फोनवर, गावातल्या रेंजवर, मोबाइल डेटावर उघडून बघ. वायफायवर बघू नकोस.

जागेचा हिशेब तर तोंडी होतो. तुझ्या कॅमेऱ्याचा चांगला जेपीजी साधारण १० एमबीचा. एका लग्नाचे निवडलेले १,५०० फोटो धरले की झाले १५ जीबी. एका लग्नात फुकट खातं काठोकाठ. यावर आपल्या धंद्यातल्या पोरांनी काढलेली युक्ती मला ठाऊक आहे, दर लग्नाला नवं जीमेल खातं. तुझ्या मनातही असेल. ती सोडून दे. गूगलनं २०२३ मध्ये नियम केला की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसता येईल, आणि त्या डिसेंबरपासून अंमल सुरू झाला. अशी वीस खाती दर दोन वर्षांच्या आत कोण उघडून बघणार? पासवर्ड तरी कुणाच्या लक्षात राहणार? मलकापुरात आपण पाण्याचं बिल मीटरप्रमाणे भरतो आणि नळाला चोवीस तास पाणी असतं. जागेचंही तसंच धर. महिन्याला थोडे पैसे भर, ते लग्नाच्या दरात आधीच धर, आणि तक्रार करायचा हक्क विकत घे.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तुझ्या यादीत आहेत, ते काढून टाक. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. एचडी निवडलं तरी मूळ फोटो जात नाही, तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच जसाच्या तसा जातो. इन्स्टाग्राम म्हणजे दुकानाची काच. काचेत माल मांडायचा, कोठार करायचं नाही. आणि मांडायच्या आधी नवरीला विचारायचं, नवऱ्यामुलाच्या मामाला नाही.

ते सेल्फीवालं नवीन निघालंय, पाव्हण्यानं आपला चेहरा दाखवला की त्याचे सगळे फोटो समोर, ते मलाही आवडलं. लोक खूश होतात. पण मांडवातल्या आठशे माणसांचे चेहरे ती कंपनी ओळखून ठेवते, लहान पोरांसकट. ते किती दिवस ठेवणार, दुसऱ्या कशाला वापरणार का आणि सांगितल्यावर पुसणार का, हे तिच्या अटींत साध्या शब्दांत सापडलं नाही तर घेऊ नकोस. फोनवर काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असू शकतात. आगाशिवाच्या लेण्यांवर काढलेल्या फोटोत ते राहिले तर बिघडत नाही. नवरीच्या घरी, अंगावर दागिने असताना काढलेल्या फोटोतून मात्र लिंक देण्याआधी काढून टाक.

एवढं सांगूनही मी कुठल्याच एका सेवेवर पूर्ण विसंबायला सांगणार नाही. २०१९ च्या ऑगस्टचा पूर तुला आठवत असेल. कृष्णेचं पाणी उतरल्यावर सांगलीकडून, कराडच्या नदीकाठावरून लोक चिकटून लादी झालेले अल्बम घेऊन येत होते. (तसला अल्बम कधी हाती आला तर वाळल्यावर ओढून सोडवू नकोस. ओला असतानाच स्वच्छ पाण्यात ठेवून हलक्या हातानं सुटा कर आणि सावलीत वाळव.) काही वाचले, बरेच गेले. त्यांची ऑनलाइन एक प्रत असती तर? असं वाटायचं. आणि फ्लिकर-ऑर्कुटवाल्यांची घरात एक प्रत असती तर? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी फोटोग्राफरनं यावर सोपा हिशेब दिलाय. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घरापासून लांब. तुझ्यापुरतं सांगतो. एक प्रत घरातल्या हार्डडिस्कवर, एक पैसे भरलेल्या सेवेवर, आणि एक हार्डडिस्क पुण्याला दादाकडं. तो दिवाळीला येतो तेव्हा डिस्क बदलून न्यायची.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. यादीत उरलेल्या दोन्ही सेवा घे. एका महिन्याचे पैसे भर. आपल्याच घरच्या बारशाचे पन्नासेक फोटो चढव, अल्बम कर, नावं दे. मग लगेच सोडून जायचंय असं समजून सगळं परत उतरव. मूळ आकाराचे फोटो आले का? काढल्याची तारीख फोटोतच राहिली, का वेगळ्या फाइलीत गेली? अल्बम सुटे झाले का? गूगलच्या टेकआउटमधून असा गठ्ठा उतरवलास की तारखांची गंमत तुला दिसेल. शेवटी खातं बंद करून बघ, किती बटणं दाबावी लागतात आणि उरलेले पैसे परत येतात का. जी सेवा दाराबाहेर नीट सोडते ती घे, तिला तारे कमी असले तरी.

आणि पावतीपुस्तक नवीन छापून घेशील तेव्हा खाली दोन ओळी टाक. फोटोंची लिंक अमुक महिने चालू राहील, तोवर प्रत उतरवून घ्यावी. त्यानंतर मूळ फोटो आमच्याकडे अमुक वर्षं राहतील, पुन्हा हवे असल्यास इतके पैसे पडतील. वर्षं किती ते तू ठरव, पण जेवढी लिहिशील तेवढी पाळ. छापायच्या आधी मजकूर मला पाठव, मराठी मी तपासून देतो.

तुझा,
काका