रेष कुठल्या लेयरवर?

विचुंबे, पनवेल
रविवार

चि. सोनूस,


तू पाठवलेली फाईल परवा उघडली. आयटीआयचं पहिलंच वर्ष, आणि तू घरावरच्या वाढीव खोलीचा नकाशा स्वतः मापं घेऊन काढलास. जिन्याच्या पायऱ्या मोजून बघितल्या, बरोबर आहेत. खिडकीची तळउंचीही लिहायला विसरली नाहीस. मनापासून आनंद झाला. मग उजवीकडच्या लेयरच्या यादीत पाहिलं. तिथे एकच नाव, शून्य. भिंती, दारं, मापं, पलंग, पाण्याची टाकी, प्लॉटची हद्द, सगळं त्या एका शून्यावर. मला फक्त टाकी दोन फूट मागे घेऊन बघायची होती. तेवढ्यासाठी एकेक रेष वेचत बसलो, आणि वेचताना बाथरूमची एक भिंतही उचलली गेली. हे फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून पत्र.

मी कामाला लागलो तेव्हा संगणक नव्हता. ड्रॉइंग बोर्डावर ट्रेसिंग पेपर सेलोटेपने चिकटवायचा, मिनी ड्राफ्टर लावायचा आणि रॉटरिंगच्या पेनाने शाई भरायची. चूक झाली की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. जोरात खरवडलं की कागदाला भोक. तळमजल्याचा प्लॅन झाला की त्याच्यावर दुसरा ट्रेसिंग पेपर पसरायचा. खालचे कॉलम आरपार दिसायचे, त्यांच्यावरच वरच्या मजल्याचे कॉलम यायचे. तिसऱ्या कागदावर पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी. एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरलं की ड्रेनेजचा पाइप बीममधून जातोय का ते लगेच कळायचं. लेयर म्हणजे तेच कागद, सोनू. फरक एवढाच की आता ते कितीही घेता येतात, आणि एकही फाटत नाही.

लेयर म्हणजे रंग, असं बहुतेक मुलांना वाटतं. तुलाही तसंच वाटत असणार, कारण तू शून्य लेयरवरच राहून भिंतींना लाल, मापांना हिरवा असा रंग हाताने दिलायस. रंगावरून रेष कशी दिसते ते कळतं. ती रेष कोण आहे, हे लेयरने सांगायचं असतं. एक गोष्ट करून बघ. तू वापरतेस त्या लिब्रेकॅड या नकाशाच्या सॉफ्टवेअरची डीएक्सएफ फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघड. आकड्यांची लांबच लांब रांग दिसेल, पण घाबरू नकोस, शांतपणे वाच. एका रेषेसाठी आधी 'लाइन' हा शब्द येतो. थोडं खाली 8 हा आकडा, आणि त्याच्या खालच्या ओळीत लेयरचं नाव. पुढे 10 आणि 20 च्या खाली रेष सुरू होते तो बिंदू, 11 आणि 21 च्या खाली ती संपते तो. म्हणजे लेयरचं नाव प्रत्येक रेषेबरोबर वेगळं लिहिलेलं असतं. तुझ्या फाईलमध्ये त्या जागी शेकडो वेळा नुसतं शून्य आलंय. ती फाईल दुसऱ्या कोणी उघडली, तर कुठली रेष भिंत आणि कुठली पलंगाची कड, हे त्याने ओळखायचं कशावरून? तू शेजारी बसलेली नसशील.

म्हणून रेष मारायच्या आधी लेयर ठरव. मागून लावू म्हटलं की ते राहतंच.

हद्दीच्या लेयरला मी कुलूप का लावतो, म्हणजे त्याच्यावरच्या रेषांना हात लागणार नाही असं का करतो, तेही सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका बंगल्याचं काम करत होतो. पूर्वेला हद्दीपासून 1.8 मीटर मोकळी जागा होती, नियमाने 1.5 हवी होती. जिन्यासाठी घर 300 मिलिमीटर पूर्वेला सरकवायचं ठरलं. मी पडद्यावर उजवीकडून डावीकडे निवडीची खिडकी ओढली आणि सगळं निवडलं. उजवीकडून ओढली की जिला नुसता स्पर्श होतो ती रेषही पकडली जाते, आणि त्यात पूर्वेची हद्दीची रेष आली. घराबरोबर तीही सरकली. हद्दीच्या कोपऱ्यात बारीक फट पडली होती, पण एवढ्या झूमवर ती मला दिसली नाही. मापही त्या दिवशी परत टाकलं नाही. आठवड्याने मालकांनी विचारलं, स्वयंपाकघर फूटभर वाढेल का? मी माप टाकलं, 1.8 आलं, म्हटलं वाढेल. प्रत्यक्षात तिथे 1.5 च उरलं होतं, ते आता 1.2 झालं. लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर आखणीच्या दिवशी फक्की मारली, खड्डे खणले, पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीटही झालं. दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा हद्दीच्या दगडापाशी टेप घेऊन उभे होते. ते आवाज चढवून एक शब्दही बोलले नाहीत, नुसता टेप माझ्या हातात दिला. दोन खड्डे बुजवून नव्याने खणले, पीसीसी फोडलं. त्याचे पैसे मी माझ्या पगारातून भरले. त्या फाईलमध्ये हद्द आणि भिंती एकाच लेयरवर होत्या. हद्द वेगळी असती आणि तिला कुलूप असतं, तर ती निवडलीच गेली नसती. त्या दिवसापासून मोजणीची हद्द हा मी उघडतो तो पहिला लेयर, आणि काढून झाला की लगेच कुलूप.

आपल्या विचुंब्यात तर हे जास्तच सांभाळावं लागतं. 2013 च्या जानेवारीत शासनाने नवी मुंबई विमानतळाभोवतालची गावं नैना म्हणून अधिसूचित केली आणि नियोजनाचं काम सिडकोकडे दिलं. आपलं गाव त्यातच. नैनाच्या नगररचना योजनांमध्ये मालकाला मूळ जमिनीच्या 40 टक्के एवढा अंतिम भूखंड परत मिळतो, बाकीची जमीन रस्ते, बागा, शाळा यांना जाते. म्हणजे एकाच मातीवर दोन हद्दी आल्या. एक सातबाऱ्यावरच्या गटाची, बांधाची, जिथे आजोबांच्या वेळेपासून भात लावलं गेलं. दुसरी अंतिम भूखंडाची, जी कदाचित शंभर मीटर पलीकडे असेल. लोक घाईत जुनी हद्द पुसून नवी काढतात. तू असं कधी करू नकोस. भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावरून आलेली हद्द एका लेयरवर, अंतिम भूखंड दुसऱ्या लेयरवर, दोन्हींना कुलूप. प्लॉट गाढी नदीच्या काठचा असेल तर पूररेषांनाही स्वतंत्र लेयर दे. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत काय चालतं आणि काय नाही, यावर घर होणार की नाही ते ठरतं. मालक विचारायला येतात तेव्हा मी एकेका लेयरचा डोळा उघडून, म्हणजे तो पडद्यावर दिसता करून दाखवतो. आधी नुसता गट, मग त्याच्यावर अंतिम भूखंड, मग रस्ता. आपली विहीर नव्या नकाशात नेमकी कुठे आली, हे बघताना माणसं गप्प होतात. त्यांच्याशी तेव्हा घाईने बोलू नये.

आता लिब्रेकॅडमधलं प्रत्यक्ष काम. यादीतल्या प्रत्येक नावापुढे खुणा असतात. डोळा मिटला की लेयर दिसत नाही. कुलूप लावलं की दिसतो पण हात लावता येत नाही. प्रिंटरची खूण बंद केली की पडद्यावर दिसतो, कागदावर येत नाही. आणखी एक खूण आखणीच्या लेयरची आहे. त्याच्यावर काढलेली रेष दोन्ही बाजूंना न संपता जाते आणि छापली जात नाही. कॉलमच्या मध्यरेषांसाठी ती फार उपयोगी, जुन्या दोरीच्या आखणीसारखी. शून्य लेयर पुसता येत नाही, त्याचं नाव बदलता येत नाही, तो तसाच रिकामा ठेव. दुसरा कुठलाही लेयर यादीतून काढायच्या आधी दहादा बघ. लिब्रेकॅड लेयर काढताना त्याच्यावरच्या सगळ्या वस्तूही काढून टाकतं. समोर आलेली सूचना न वाचता 'हो' म्हणून एका मुलाने माझ्यासमोर अख्खं इलेक्ट्रिकल घालवलं होतं.

रंग, जाडी आणि रेषेचा प्रकार लेयरलाच दे. वरच्या पट्टीत 'लेयरप्रमाणे' हेच राहू दे. एकेका रेषेला हाताने लाल करत बसलीस तर पुढे लेयरचा रंग बदलूनही ती लालच राहणार, आणि अशा तीस-चाळीस हट्टी रेषा शोधत तुझी दुपार जाणार. जाड्या ठरलेल्याच घे. 0.18, 0.25, 0.35, 0.5, 0.7 ही मालिका आमच्या पेनांवरही अशीच होती. प्रत्येक जाडी आधीच्या साधारण 1.4 पट. ए4 चा ए3 केला की कागदाची बाजूही तेवढीच वाढते, म्हणून मोठ्या केलेल्या नकाशातली रेष पुढच्या पेनाशी जुळते. किती विचार करून ठेवलंय बघ. छेदलेली भिंत 0.5, मापं 0.18, एवढं पाळलंस तरी नकाशा वाचणाऱ्याच्या डोळ्यांना आराम पडेल.

नावं रोमन अक्षरांत ठेव. शब्द मराठी असला तरी चालेल, 'भिंत', 'दार', 'माप' हे रोमनमध्ये लिही. नावात मोकळी जागा सोडू नकोस. जुन्या आर12 प्रकारच्या डीएक्सएफमध्ये तशी नावं चालत नाहीत, आणि 31 अक्षरांपुढेही जाता येत नाही. मिस्त्रीच्या हातात द्यायच्या प्रिंटवर पलंग-सोफा नको, त्याला मापं हवीत. मालकीणबाईंना मापं नकोत, त्यांना ओटा आणि फ्रीज कुठे बसतो ते बघायचं असतं. प्लंबरला दोन्ही नकोत. एकाच फाईलमधून हे तीन कागद निघायला हवेत, नुसते डोळे उघडून आणि मिटून. प्रत्येकासाठी वेगळी फाईल केलीस, तर एका फाईलमध्ये दार डावीकडे उघडेल आणि दुसरीत उजवीकडे.

मंजुरीच्या नकाशाचे रंग तुला वर्गात शिकवले असतील. प्लॉटची हद्द जाड काळी, अस्तित्वातला रस्ता हिरवा, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेषांत, ड्रेनेज लाल तुटक, पाणी निळं तुटक. ही पद्धत लेयरपेक्षा जुनी, हाताने रंग भरायचो तेव्हाची. हे रंग नीट पाठ असले की लेयर कोणते लागतील ते आपोआप सुचतं. आता राज्यात ठिकठिकाणी नकाशे ऑनलाइन तपासले जातात, आणि तपासणारं सॉफ्टवेअर लेयरच्या नावावरून ओळखतं की हा प्लॉट, हे बांधकाम, ही मोकळी जागा. चुकीच्या लेयरवर काढलेली बाल्कनी त्याच्या हिशेबात बाल्कनीच नसते. तिथली नावं ठरवून दिलेली असतात, ती अक्षरशः तशीच घ्यायची. त्या कामाला बहुधा डीडब्ल्यूजी फाईल मागतात आणि लिब्रेकॅड डीडब्ल्यूजी लिहीत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. ते शेवटचं पाऊल तुला एखाद्या ऑफिसमध्येच टाकावं लागेल.

मग मी लिब्रेकॅडच का घ्यायला लावलं, असं तू मागे विचारलं होतंस. तुझ्या वर्गातल्या मुलांकडे महागडं सॉफ्टवेअर आहे, पण ते चोरीचं आहे. शिकायची सुरुवात चोरीच्या हत्याराने करू नये, असं मला मनापासून वाटतं. लिब्रेकॅड हे क्यूकॅडच्या मुक्त आवृत्तीतून 2010 च्या सुमारास जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं आहे. जीपीएल परवान्याखाली ते कोणीही वापरावं, उघडून बघावं, सुधारावं. तुझ्या जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं, आणि डीएक्सएफ तर तू नोटपॅडमध्येही वाचू शकतेस. उद्या तुझी नोकरी गेली, ऑफिस बदललं, तरी तुझं हत्यार आणि तुझी फाईल तुझ्याकडे राहील. मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचे धडे केलेत, मराठी आवाजातलेही आहेत. त्यातून शिकायची सवय लाव.

तुझी फाईल मी दुरुस्त करून पाठवत नाहीये. नवीन कोरी फाईल घे, आधी फक्त लेयरची यादी तयार कर आणि तेवढीच मला पाठव. यादी ठीक वाटली की नकाशा परत काढ. हद्दीसाठी ताईकडून मोजणीचा कागद मागून घे, अंदाजाने काढू नकोस. पुढच्या रविवारी आलीस तर पाच मीटरचा टेप घेऊन ये. तुझ्या नकाशात मागच्या ओट्यापासून विहिरीपर्यंतचं माप नाही, ते आपण दोघं मिळून घेऊ.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा