कैद्याच्या घामाचे मोल

विद्यार्थिमित्रहो, ‘आरोपीस तीन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा’ अशा अर्थाची बातमी आपण वर्तमानपत्रात पुष्कळ वेळा वाचतो. त्यातील ‘सक्त’ या शब्दाकडे आपले लक्ष लगेच जाते. ‘मजुरी’ या शब्दाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक आपल्या भाषेत मजुरीचे दोन अर्थ आहेत. मजूर जे काम करतो ती मजुरी, आणि त्या कामाबद्दल सायंकाळी त्याच्या हातावर जे पैसे पडतात तीही मजुरीच. न्यायाधीश शिक्षा फर्मावतात ती पहिल्या अर्थाची. मग दुसऱ्या अर्थाची मजुरी कैद्यास मिळावी की नाही? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचा निर्णय होण्यास आपल्या देशात फार काळ लागला, आणि ज्या खटल्यात तो निर्णय झाला तो आपल्या गुजरात राज्यातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. म्हणून त्याची माहिती आपणास असणे उचित होय.

प्रथम कैदेचे दोन प्रकार ध्यानात घेऊ. साध्या कैदेत मनुष्याचे केवळ स्वातंत्र्य हिरावले जाते. सक्तमजुरीत त्याच्याकडून काम करून घेण्याचा अधिकारही सरकारला मिळतो. आपल्या इतिहासातील दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होईल. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे तिचे साध्या कैदेत रूपांतर होऊन त्यांना मंडालेस ठेवण्यात आले. तेथे वाचन-लेखनास मोकळीक होती, म्हणूनच १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून झाले. याउलट १९११ साली अंदमानात गेलेल्या सावरकरांना बैलाच्या जागी कोलूला जुंपण्यात आले, आणि ठरलेल्या वजनाचे तेल दिवसाकाठी काढून देणे भाग पडले. दोघेही राजबंदीच, परंतु एकाच्या हाती लेखणी राहिली आणि दुसऱ्याच्या हाती कोलूचा दांडा आला.

तुरुंगातील कामाची मुख्य चौकट १८९४ च्या कारागृह अधिनियमाने घालून दिली. सक्तमजुरीच्या कैद्याकडून, आणीबाणीचा प्रसंग सोडल्यास, दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये. वैद्यकीय अधिकाऱ्याने काम करणाऱ्या कैद्यांची तपासणी करावी. निदान पंधरवड्यातून एकदा त्यांचे वजन नोंदवावे, असे त्यात सांगितले आहे. तास मोजले, वजन मोजले. परंतु सक्तमजुरीच्या कैद्यास कामाचा मोबदला मिळण्याचा हक्क आहे, असे मात्र त्यात म्हटले नाही.

याच कायद्यात एक मोठी बोधप्रद गोष्ट आहे. कर्ज न फेडल्यासारख्या कारणाने जे दिवाणी कैदी तुरुंगात येत, त्यांना आपला धंदा तेथे चालविण्याची परवानगी मिळू शके. अशा कैद्याने हत्यारे स्वतःची आणली आणि त्याच्या निर्वाहाचा खर्च तुरुंगावर पडत नसला, तर त्याची सर्व कमाई त्याचीच. हत्यारे वा अन्न तुरुंगाचे असेल तर तेवढा खर्च वजा करून उरलेली त्याची. म्हणजे खर्च कापून घेऊन शिलकीचा पैसा श्रम करणाऱ्यास द्यावा, हा सरळ हिशेब त्या काळच्या सरकारला माहीत होता. फक्त तो गुन्हेगार म्हणून शिक्षा झालेल्या कैद्यास लागू केलेला नव्हता.

कैद्याच्या श्रमाला बाजारात किंमत नाही असेही नव्हे. इंग्लंडातील विंडसर राजवाड्यात वॉटर्लू दालनामध्ये एक प्रचंड गालिचा आहे. तो व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला होता. आजही निरनिराळ्या कारागृहांत सतरंज्या, लाकडी सामान, साबण, बेकरीचे पदार्थ तयार होतात, छपाई व शेती चालते, आणि तो माल लोक पैसे मोजून विकत घेतात. मालाला किंमत आहे, मग ज्याने तो केला त्याच्या श्रमाला का नसावी?

स्वतंत्र भारताच्या संविधानाने या प्रश्नाला नवे बळ दिले. अनुच्छेद २३ अन्वये वेठबिगार व तत्सम सक्तीचे श्रम यांना मनाई आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, मनुष्यास किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबविणे हीदेखील या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीच होय. कारण भुकेची सक्ती ही काठीच्या सक्तीहून कमी नसते. मग लोकांनी विचारले की, बाहेरच्या मजुरास हा न्याय, तर भिंतीच्या आतील मजुरास का नाही?

बाहेरचा कामगार संघटना करू शकतो, प्रसंगी संप करतो, न पटल्यास दुसरीकडे काम शोधतो. कैद्याला यांपैकी एकही मार्ग मोकळा नसतो. त्याला न्यायालयाचाच काय तो आधार. सुदैवाने आपल्या न्यायालयांनी हे दार उघडे ठेवले. तिहार तुरुंगातील सुनील बत्रा या कैद्याने दुसऱ्या एका बंदिवानाच्या छळाबद्दल लिहिलेले साधे पत्रच सर्वोच्च न्यायालयाने अर्ज मानले आणि १९७९ साली त्यावर निकाल दिला. कैद्यांच्या मजुरीचा प्रश्नही असाच पुढे आला. १९८३ साली केरळच्या उच्च न्यायालयाने कैद्यांच्या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध निर्णय दिला. पुढे हिमाचल प्रदेश व गुजरात येथील उच्च न्यायालयांनीही कैद्यांच्या बाजूने कौल दिला. त्यावर सरकारे सर्वोच्च न्यायालयात गेली.

दोन्ही पक्षांचे म्हणणे निःपक्षपातीपणे ऐकावयास हवे. सरकारपक्ष म्हणे, “शिक्षा ही शिक्षा आहे, नोकरी नव्हे. कैद्याचे अन्न, वस्त्र, निवारा व औषधपाणी यांचा भार जनतेवर पडतो. बाहेर प्रामाणिक माणसास पोटापुरते मिळण्याची मारामार असता, गुन्हेगारास पूर्ण मजुरी कशी द्यावी?” हा आक्षेप पोकळ नाही. ज्याच्या घरी चोरी झाली वा ज्याचा माणूस मारला गेला, त्याच्या मनात हाच विचार येईल. कैद्यांचा पक्ष म्हणे, “न्यायालयाने आमचे स्वातंत्र्य घेतले, ते आम्हास मान्य आहे. परंतु आमच्या श्रमाचे मोलही घ्यावे असे निकालपत्रात कोठे लिहिले आहे? आमची मुले बाहेर आहेत. त्यांनी कोणता गुन्हा केला?”

२४ सप्टेंबर १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंचा विचार करून निकाल दिला. सक्तमजुरीच्या कैद्याकडून, त्याची संमती असो वा नसो, काम घेणे कायदेशीर आहे, हे सरकारचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. इतर कैद्यांना त्यांच्या इच्छेनुसार काम करण्याची परवानगी देता येईल, असेही सांगितले. परंतु काम घेतल्यावर न्याय्य मजुरी दिलीच पाहिजे. ती किती असावी हे ठरविण्यासाठी प्रत्येक राज्याने मंडळ नेमावे. कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मजुरीतून कापून घेता येईल. आणि ज्याचे नुकसान झाले त्या पीडितास भरपाई मिळावी, यासाठी मजुरीचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा राज्यांनी करावा.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, कैद्याच्या दिवसाच्या कामाचे मोल ३०० रुपये ठरले आणि त्याच्या निर्वाहाचे १२० रुपये कापले. उरलेल्या १८० रुपयांतून काही भाग पीडिताला गेला, काही घरी गेला, काही सुटकेच्या दिवसासाठी शिल्लक पडला. या एका हिशेबात समाजाचा खर्च भागला, ज्याचे वाईट झाले त्याची आठवण राहिली आणि कैद्याच्या मुलांच्या ताटात भाकर पडली. मजुरी न देणाऱ्या व्यवस्थेत या तिघांनाही काही मिळत नाही.

पैशाच्या बरोबरीने काम कोणते दिले जाते हाही न्यायाचाच प्रश्न आहे. कित्येक राज्यांच्या तुरुंग-नियमपुस्तकांत स्वयंपाकाचे काम तथाकथित उच्च जातींना आणि झाडलोटीचे काम तथाकथित खालच्या जातींना, अशी वाटणी अलीकडेपर्यंत चालू राहिली. मुंबईच्या एका महिला पत्रकाराने हे उजेडात आणून सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरविले, आणि कैद्यांच्या नोंदवहीतून जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्यास जन्माबद्दल दुसरी शिक्षा देता येत नाही, हाच या निर्णयाचा मथितार्थ होय.

निकाल झाला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. अनेक राज्यांत कैद्याची मजुरी बाहेरच्या किमान मजुरीहून आजही पुष्कळ कमी आहे. शिवाय २०२२ च्या नोंदीप्रमाणे देशातील चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नव्हता. अशांना श्रमाची सक्ती करता येत नाही, आणि पुष्कळांना मागूनही काम मिळत नाही. रिकाम्या हातांनी काढलेले दिवस हीही एक शिक्षाच आहे.

श्रम मनुष्यास सुधारू शकतात, हे आपल्याकडे फार पूर्वी अनुभवास आले आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची, भिंती नसलेली कैद्यांची वसाहत स्थापन झाली. कैदी तेथे शेती करीत. त्याच भागातील ग. दि. माडगूळकरांनी अशा एका प्रयोगाची कथा लिहिली, आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांनी तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. विश्वास टाकला आणि श्रमाचे फळ हाती दिले, तर मनुष्य बदलू शकतो, हे या प्रयोगाने दाखविले.

विद्यार्थिमित्रहो, बहुतेक कैदी एक ना एक दिवस तुरुंगाच्या दारातून बाहेर येतात, आणि आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत परततात. त्या दिवशी त्याच्या हातात एखादे कसब आणि गाठीला स्वकष्टाचे चार पैसे असतील, तर नव्याने उभे राहण्यास त्याला आधार होईल. दोन्ही नसतील तर जुनी वाट त्याला पुन्हा खुणावील. कैद्याला दिलेली मजुरी ही त्याच्यावरील मेहेरबानी नव्हे. ते त्याच्या घामाचे मोल आहे, आणि आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी टाकलेली ठेवही आहे. यापुढे ‘सक्तमजुरी’ हा शब्द वाचाल तेव्हा त्याच्या दुसऱ्या अर्थाचाही क्षणभर विचार करावा, एवढीच विनंती.