आठ की नऊ?

चि. छकुलीस,


परवा बंड्याच्या मुंजीत तुझी मैत्रीण भेटली. हिशेबात न बसणारी निरीक्षणं तू सरळ वगळतेस, गाइडना दाखवतही नाहीस, असं ती सहज बोलून गेली. मामाच्या घशाखाली घास उतरेना. खोटं असेल तर लगेच कळव. खरं असेल तर पुढचं नीट वाच.

ग्लासगोच्या रिचर्ड कॉगडेल आणि नील आयझॅक्स यांच्या गटाने १९९५ मध्ये एका जांभळ्या जीवाणूतलं प्रकाश टिपणारं प्रथिन क्ष-किरणांनी उलगडलं. ऱ्होडोस्यूडोमोनास ॲसिडोफिला हा तो जीवाणू. दोन लहान साखळ्यांची एक जोडी, अशा नऊ जोड्यांचं कडं. त्यात बॅक्टेरिओक्लोरोफिलचे २७ रेणू: १८ भोंडल्याच्या फेरासारखे खेटून उभे, ९ आडवे. आडवे रेणू ८०० नॅनोमीटरचा प्रकाश घेतात आणि साधारण एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात, ती ऊर्जा उभ्यांच्या हवाली करतात.

पुढच्याच वर्षी हार्टमुट मिशेल आणि क्लाउस शुल्टन यांच्या गटांनी ऱ्होडोस्पिरिलम मोलिशियानम या जीवाणूतलं तसंच प्रथिन उलगडलं. जोड्या निघाल्या आठ! रेणू २४. नऊ हाच नियम धरून कुणी आठावर काट मारली असती तर?

हिरव्या गंधक-जीवाणूंचंही तेच. फेना आणि मॅथ्यूज यांनी १९७५ मध्ये या जीवाणूंच्या एका प्रथिनाच्या प्रत्येक घटकात असेच सात रेणू मोजले. आठवा सैल बसलेला, शुद्धीकरणात बऱ्याचदा गळून जाणारा. तो दिसायला जवळपास तीस वर्षं गेली. न बसणारा आकडा खोडायचा नसतो गं.

एम.एस्सी.ला तुझ्या मामाच्या आलेखातही नको तिथे एक उंचवटा आला होता. सर म्हणाले, यंत्र बिघडलंय. मामाने मान डोलावली. पुढे आजोबांच्या दुकानाचं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. नोकरी धरावी लागली आणि तो उंचवटा कसला, हे विचारायचं राहूनच गेलं.

असो, मामा फार बोलला. फेलोशिप संपत आलीय, पेपर निघत नाही, हे ताईकडून कळतं. दमली असशील. वगळलेलं सगळं घेऊन उद्या गाइडकडे जा. रागावले तर रागावू देत. पैशांची ओढाताण असेल तर संकोच न करता सांग, तो भार मामाचा.

रात्र-रात्र जागू नकोस, वेळेवर जेव, आणि गणपतीत चार दिवस तरी घरी ये.

तुझा,
मामा